आया देणारे ब्युरो : दर्जा नेमका कशावरून ओळखायचा? (मुंबई)

रिमझिम (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मुलगा पाच महिन्यांचा आहे आणि २६ आठवड्यांची रजा संपत आली आहे. घर मुलुंड पूर्वेला, ऑफिस लोअर परळला. सासूबाई पुण्यात, त्यांची स्वतःची नोकरी अजून चालू. आईचे गुडघे गेलेत. ऑफिसने पाळणाघराची सोय केली आहे (५० किंवा जास्त कर्मचारी असले की करावीच लागते), पण सकाळच्या ८:२० च्या गर्दीत एवढ्याशा बाळाला घेऊन चढणार कोण? त्यामुळे निदान वर्ष-दीड वर्ष घरीच बारा तासांची बाई ठेवायची असं ठरलंय.

गेला आठवडाभर ब्युरोंना फोन करतेय. सगळीकडे एकच कॅसेट. "मॅडम, व्हेरिफाइड आहे, ट्रेन्ड आहे, फुल रिप्लेसमेंट गॅरंटी." ट्रेनिंग कुणी दिलं विचारलं तर "त्यांना सगळं येतं मॅडम, स्वतःची दोन मुलं वाढवलीत." व्हेरिफिकेशन दाखवा म्हटलं तर व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो आला, तोही तिरका.

ब्युरोंची नावं नकोत, इथल्या नियमात बसत नाही हे माहीत आहे. मला एवढंच हवंय की जे ब्युरो खरंच दर्जा सांभाळतात ते आत नेमकं काय वेगळं करतात? फोनवर काय विचारलं की कळेल?

फणसपोळी
रुमाल टाकून ठेवते. डिसेंबरात माझीही हीच वेळ येणार आहे.

चौथी_सीट
सरळ सांगू? ब्युरोच्या नादी लागू नका. सोसायटीच्या वॉचमनला आणि शेजारच्या पोळ्यावाल्या मावशींना सांगून ठेवा, आठ दिवसांत दहा जणी येतील. आमच्याकडे अशीच आली, मुलगी आता शाळेत जाते आणि बाई अजून आहे. ब्युरोला एक महिन्याचा पगार फुकट कशाला द्यायचा? ते करतात काय, तर एक फोन.

गिरगावचा_म्हातारा
आमच्या चाळीत असले प्रश्नच नव्हते. पोर शेजारच्या खोलीत टाकलं की आई मोकळी.

फणसपोळी
आजोबा, त्या शेजारच्या काकू आता स्वतःच ८:२० च्या लोकलमध्ये असतात हो.

कुंदकळी
रिमझिम, बरीच वर्षं मी दादरच्या एका ब्युरोत बायकांची निवड आणि पुढची देखरेख पाहत होते. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाची जाहिरात करायची नाहीये.

व्हेरिफिकेशन, ट्रेनिंग हे सगळं सांगते, पण तुमचा पहिला प्रश्न पैशाचा असू द्या. "किती घेता?" हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, कुणाकडून घेता आणि कधी घेता?

बहुतेक ठिकाणी चाल अशी असते. बाई रुजू झाली की पहिल्याच दिवशी तुमच्याकडून एक महिन्याचा पगार कमिशन म्हणून घ्यायचा, अकरा महिन्यांचा कागद करायचा आणि त्यात दोन-तीन रिप्लेसमेंट फुकट द्यायच्या. शिवाय बाईच्या पहिल्या पगारातूनही पंधरा दिवसांचे पैसे कापायचे. आता बघा, पहिल्या महिन्यातच ब्युरोची दोन्हीकडची कमाई झाली. बाई टिकली तर त्याचा फायदा काहीच नाही. उलट ती गेली की तिला दुसऱ्या घरी लावून पुन्हा कमिशन, आणि तुमच्याकडे नवी बाई पाठवून तिच्याकडूनही कापाकापी. असा ब्युरो चाळणी लावेल कशाला? जितक्या बायका फिरतील तितकं त्याचं बरंच.

आमच्याकडे निम्मे पैसे रुजू होताना आणि निम्मे तीन महिने झाल्यावर घ्यायचे, तेही तीच बाई टिकली असेल तरच. बाईकडून दमडी घ्यायची नाही. हा नियम मालकीणबाईंनी साधुसंत म्हणून केला नव्हता. आधीच्या पद्धतीत रोजची भांडणं मिटवून त्या कंटाळल्या होत्या. पण नियम झाला आणि ऑफिसातलं वागणंच बदललं. पैसे तीन महिने अडकणार म्हटल्यावर, जी बाई आधी "चालेल, पाठवून देऊ" म्हणून गेली असती तिला घरी पाठवायला लागलो. फोन आपोआप व्हायला लागले. पडताळणीला कंटाळा करेनासे झालो.

तिसरा प्रकार मासिक कंत्राटाचा. तुम्ही ब्युरोला २४ हजार देता आणि बाईच्या हातात १६ पडतात. तो वाईटच असतो असं नाही, त्यात बदली बाई, सुट्ट्या वगैरे धरलेलं असू शकतं. पण "तिच्या हातात किती पडणार?" याचं उत्तर तुम्हाला आणि तिला एकाच वेळी, एकाच टेबलावर मिळालं पाहिजे. टाळाटाळ झाली की उठा.

बाकीचं रात्री लिहिते.

कलम_दवात
कुंदकळी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण कायद्याचा आधार इथे फार थोडा आहे. तुमच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा लागू होतो. परवाना लागतो, गार्डची पोलीस पडताळणी लागते, आणि नमुना नियमांत १०० तास वर्गातलं व ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलेलं आहे. घरात येऊन बाळ सांभाळणारी व्यक्ती पुरवणाऱ्या ब्युरोसाठी महाराष्ट्रात असा परवान्याचा वेगळा कायदा नाही. बहुतेकांकडे गुमास्ता (दुकानाची नोंदणी) असतो, आणि तो कोणत्याही दुकानाकडे असतो. म्हणून "आम्ही गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहोत" याला भुलू नका.

इतर राज्यांनी काही पावलं टाकली आहेत : छत्तीसगडचा प्लेसमेंट एजन्सी कायदा २०१३ चा, दिल्लीचा आदेश २०१४ चा, झारखंडचा कायदा २०१६ चा. यामागे तिथल्या मुलींना फसवून शहरांत आणण्याचा इतिहास आहे. आपल्याकडे २००८ चा घरकामगार कल्याण मंडळ कायदा आहे. त्यात १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते, पण तो कल्याणकारी योजनांसाठी आहे, ब्युरोंवर अंकुश ठेवण्यासाठी नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं. तसा कायदा येईपर्यंत तुमचा आधार म्हणजे ब्युरोशी केलेला लेखी करार, तेव्हा तो नीट वाचा.

आणि बाई १८ च्या खालची वाटली तर "गरिबाची पोर आहे, खायला तरी मिळेल" असा विचार करू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

चौथी_सीट
म्हणजे थोडक्यात वॉचमन ट्रेन्ड, आया रामभरोसे. मग माझंच बरोबर ना? वॉचमनलाच विचारा!

कलम_दवात
वॉचमनने आणलेल्या बाईचीही पोलीस पडताळणी करून घेतलीत ना? :)

चौथी_सीट
...पास.

डॉ_वरणभात
बालरोगतज्ज्ञ आहे, ठाण्यात. ओपीडीत मुलाला घेऊन आईबरोबर बाईही येते, आणि पुष्कळदा बाळाबद्दलचे प्रश्न मी तिलाच विचारतो, कारण दिवसभराचं तिलाच ठाऊक असतं. "स्वतःची दोन मुलं वाढवलीत" हे ट्रेनिंग नव्हे. त्या अनुभवात बऱ्याच चांगल्या गोष्टी असतात, तशा काही धोक्याच्याही असतात. ब्युरोने प्रशिक्षणात निदान हे घेतलंय का ते विचारा :

झोपवताना बाळ पाठीवर, डोक्याभोवती उशी-गोधड्यांचा ढीग नको. वर्षाच्या आत मध नाही, चाटवण्यापुरताही नाही. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही. डोळ्यांत काजळ, नाका-कानात तेल नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी सगळं. हे मुद्दाम लिहितोय, कारण "अर्ध्या ग्लासात थोडी पावडर" करून पाजलेली बाळं मी पाहतो आणि ते खरंच घातक आहे. छोटी पाकिटंही मिळतात, त्यांचं माप वेगळं. म्हणजे बाईला पाकिटावरचं वाचता आलं पाहिजे किंवा कुणीतरी तिला ते नीट दाखवलेलं पाहिजे.

घशात काही अडकलं तर काय करायचं, हे बाहुलीवर प्रत्यक्ष करून घेतलेलं असावं. वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. व्हिडिओ दाखवला म्हणजे शिकवलं असं होत नाही. आणि १०८ (रुग्णवाहिका) कधी लावायचा, मॅडमला फोन आधी की १०८ आधी, हे ठरलेलं हवं. (१०८ आधी.)

एक अप्रिय गोष्ट. बाळ दिवसा अचानक फार झोपायला लागलं, उठवलं तरी पेंगत राहिलं, तर "शहाणं झालं" म्हणून खूश होऊ नका. सर्दी-खोकल्याच्या झोप आणणाऱ्या औषधाचे चमचे देणारे लोक आहेत, जुन्या बाळगोळीत अफू घालायची पद्धतही पुरती गेलेली नाही. घरातली औषधं कुलपात ठेवा आणि बाईने कोणतंही औषध स्वतःहून द्यायचं नाही, हे ब्युरोच्या कागदावरच हवं.

बाईची तपासणी करताना छातीचा एक्स-रे आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का याची चौकशी. मुंबईत टीबी कुणालाही होतो, तुम्हालाही आणि मलाही. निघाला तर सरकारी उपचार मोफत आहेत आणि पूर्ण घेतले तर बहुतेक जण बरे होतात. इथे ब्युरोचा कस लागतो. रिपोर्ट आला की नाव खोडणारा ब्युरो असेल तर पुढच्या वेळी बायका खोकला लपवतील. डॉक्टरांनी फिट म्हटल्यावर परत कामावर घेणारा ब्युरो असेल तर त्या स्वतःहून सांगतील.

रिमझिम
डॉक्टर, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. ओआरएसचं मलाही माहीत नव्हतं.

पुस्तकी_किडा
अवांतर : इंग्लंडमध्ये नॉरलंड नावाची नॅनी शिकवणारी संस्था १८९२ पासून आहे, एमिली वॉर्ड यांनी काढलेली. तिथे आज नॅनी होण्यासाठी पदवी घेतात. आपण अजून "तिरका आधार कार्ड फोटो" युगात.

कुंदकळी
पुस्तकी किडा, आपल्याकडे ते बीज नव्हतं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या, पाड्यांवरच्या मुलांसाठी जे काम सुरू केलं त्यातूनच अंगणवाडीची कल्पना आली. आमच्या ब्युरोत शिकवायला एक निवृत्त अंगणवाडी सेविका यायच्या. नर्सबाईंपेक्षा त्यांचा तास बायकांना आवडायचा. कागदाच्या भिंगऱ्या, बडबडगीतं, वाटी-चमच्याचे खेळ. मोबाइलशिवाय मूल दोन तास कसं रमवायचं हे शिकवणारं त्यांच्याइतकं दुसरं कुणी मी पाहिलं नाही. सरकारी कौशल्य प्रशिक्षणातही चाइल्ड केअरटेकर म्हणून कोर्स आहे. सर्टिफिकेट असेल तर चांगलंच, पण त्यावर थांबू नका.

आता निवड कशी व्हायची ते.

पहिली चाळणी रेल्वेची. हसू नका. नालासोपाऱ्याची बाई मुलुंडला लावायची म्हणजे दादरला गाडी बदलायची, पावसात दोन्ही लाइनी बघायच्या, आणि रात्री आठला सुटून घरी पोचेपर्यंत तिची स्वतःची पोरं झोपलेली. अशी बाई कितीही गुणी असली तरी महिन्याच्या आत जाते. तुम्हाला भांडुप, कळवा, फार तर दिव्यापर्यंतची बाई बघा. ब्युरोने तुम्हाला बाळाचं वय विचारायच्या आधी "स्टेशनपासून घर किती लांब?" असं विचारलं तर समजा की माणसं अनुभवी आहेत.

मग कागद. आधारवरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या (आधार प्राधिकरणाच्या) ॲपने समोर स्कॅन करायचा, खोटं कार्ड असलं तर तिथेच कळतं. मूळ कार्ड ठेवून घ्यायचं नाही, कुणीच. पोलीस पडताळणी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात, तिच्या फोटो आणि गावच्या पत्त्यासह. ब्युरो "आम्ही केलीय" म्हणाला तरी तुम्ही आपली करा. पण पडताळणी म्हणजे फक्त तिच्या नावावर गुन्हा नोंद नाही एवढंच. ती मुलाशी कशी वागते हे पोलीस सांगू शकत नाहीत.

ते सांगतं आधीचं घर. आणि तिथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी. दिलेल्या नंबरवर "हो हो, खूप चांगली बाई" म्हणणारी मॅडम बाईची मावसबहीण निघते. माझी एक ठरलेली पद्धत होती : "तुमची मुलगी हिला काय म्हणून हाक मारायची?" खरी आई एका क्षणात सांगते. "माई", "शीमावशी", काहीतरी वाकडंतिकडं नाव, आणि सांगताना हसते. मावसबहीण अडखळते आणि "ताई" म्हणते. त्यानंतर विचारायचं, ती का गेली? आणि तिची कुठली गोष्ट तुम्हाला खटकायची? "काहीच नाही" हे उत्तर मी कधी धरलं नाही. "जरा हळू आहे", "फोनवर नवऱ्याशी भांडते" असं काही मिळालं की तो संदर्भ खरा. हळू असणं बाळासाठी उलट चांगलंच.

मुलाखतीत मी एवढंच विचारायचे : बाळ रडतंय, थांबत नाहीये, आई मीटिंगमध्ये आहे, काय कराल? काही जणी लगेच म्हणायच्या, मोबाइल दाखवते. काही म्हणायच्या, फिरवते, पाणी देते. ज्या बाईने उलट मलाच विचारलं, "किती वेळ रडतंय? दूध कधी प्यायलं होतं? अंग गरम आहे का?" तिला मी तिथेच होकार द्यायचे, बाकीचं शिकवता येतं.

चाचणीच्या दिवशी तुम्ही घरी असा आणि पहिला तासभर फक्त बघा. आल्या आल्या बाळाला उचलून मुके घेणारी बाई बघून आपण हरखतो. मला ती आवडायची नाही. हातपाय धुवून, बांगड्या-अंगठ्या काढून, जमिनीवर थोडं लांब बसून बाळाने आपल्याकडे बघायची वाट पाहणारी बाई निवडा.

फणसपोळी
हाक मारायच्या नावाची युक्ती भारी आहे. उचलली.

निशाचर
सीसीटीव्हीबद्दल कुणीच बोललं नाही. आम्ही हॉलमध्ये एक लपवून लावला आहे. सांगितलं तर काय उपयोग? सांगितल्यावर सगळेच चांगले वागतात.

कुंदकळी
निशाचर, सांगितल्यावर सगळे चांगले वागत असतील तर तेच तर हवं आहे ना आपल्याला? आमच्या कागदावर स्पष्ट असायचं : कॅमेरा असेल तर बाईला पहिल्या दिवशी दाखवायचा. ती कपडे बदलते, झोपते तिथे आणि बाथरूमकडे तोंड करून नाही. लपवलेला कॅमेरा आज ना उद्या तिला दिसतोच, घर तीच पुसते. मग ती दुसऱ्या दिवशी येत नाही आणि कारणही सांगत नाही.

नालासोपारा_स्लो
बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहितेच. माझी आई हेच काम करते. मी तिच्याच पगारावर बीकॉम झाले आणि आता एका बँकेत आहे.

तुम्ही सगळे बाई कशी तपासायची ते लिहिताय, बरोबरच आहे, बाळाचा प्रश्न आहे. पण घर कोण तपासतं? आईला आधीच्या एका ब्युरोने ज्या घरी पाठवलं तिथे बारा तासांत बसायला एक स्टूल होतं, तेही बाल्कनीत. बाळ मांडीवर झोपलं तर सोफ्यावर बसायचं नाही. कप वेगळा. टॉयलेट सोसायटीच्या खालचं, म्हणजे बाळाला एकटं टाकून चौदा मजले खाली जायचं की दिवसभर रोखून धरायचं? आई पाणी पिणं बंद करायची. उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा मला कळलं. ब्युरोला फोन केला तर उत्तर आलं, "नको असेल तर सोड, मॅडमला उद्या दुसरी पाठवतो." बायका म्हणजे गॅसचा सिलिंडर, रिकामा झाला की दुसरा लावा.

आता ती ज्या ब्युरोकडून आहे तिथली मुलगी आधी घरी जाऊन आली. बाईने जेवायचं कुठे, टॉयलेट कुठलं, दुपारी बाळ झोपल्यावर अर्धा तास आडवं व्हायला जागा आहे का, हे विचारून लिहून घेतलं. एका घराने "आम्ही पण टेस्ट देणार का?" असं विचारलं म्हणे. ब्युरोने त्यांना बाई दिलीच नाही. आई मात्र ज्या घरी लागली, त्याच घरात आता त्यांच्या दुसऱ्या मुलाला सांभाळतेय. पगार आधीपेक्षा थोडासाच जास्त आहे.

डॉ_वरणभात
अत्यंत महत्त्वाचा प्रतिसाद. आणि वैद्यकीयदृष्ट्याही : दिवसभर लघवी रोखणारी, उपाशी, थकलेली व्यक्ती तुमचं बाळ हातात घेऊन उभी आहे. हे धोक्याचं आहे, बाळासाठीसुद्धा.

कलम_दवात
जोड देतो. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात घरकामगारही येतात, आणि त्यांच्या तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. चांगला ब्युरो हे बाईला पहिल्या दिवशी सांगतो आणि कुठे जायचं तेही लिहून देतो. तुमच्या ब्युरोला विचारा, "बाईने आमच्याविरुद्ध तक्रार केली तर तुम्ही काय करता?" माझ्या मते हा या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न ठरेल.

चौथी_सीट
नालासोपारा_स्लो, आमच्याकडे कप एकच आहे, पण दुपारी आडवं व्हायचं कधी विचारलं नव्हतं. विचारतो. बाकी मुद्दा मान्य नाही, एवढं सगळं करणाऱ्या ब्युरोची फी परवडणार कुणाला?

कुंदकळी
चौथी सीट, फी जास्त असते हे खरं. पैसा कुठे जातो ते सांगते. सगळ्यात मोठा खर्च बदली बायकांचा. आमच्याकडे नेहमी दोन-तीन जणी कुठल्याही घरी न लावता राखून ठेवलेल्या असायच्या, त्यांना निम्मा पगार चालू. जुलैत रुळांवर पाणी आलं, मेगाब्लॉक लागला, बाईचं पोर आजारी पडलं, तर त्या जायच्या. गणपतीत आणि शिमग्याला अर्ध्या बायका कोकणात, मे महिन्यात उरलेल्या गावाला. ज्या ब्युरोकडे बदली नाही तो त्या दिवसांत रस्त्यावरून मिळेल तिला उभी करतो, आणि चाळणी, ट्रेनिंग सगळं तिथे संपतं.

दुसरा खर्च फोनचा, म्हणजे माणसांचा. पहिल्या पंधरवड्यात मॅडमला फोन आणि बाईला वेगळा फोन. बाईला फोन रात्री सव्वाआठनंतर करायचा, ती गाडीत बसल्यावर. घरात असताना विचारलं तर "सगळं छान आहे" हेच उत्तर येणार, मॅडम समोर बसलेली असते. गाडीत ती मोकळी बोलते. "बाळाला दिवसभर टीव्हीसमोर ठेवायला सांगतात" हे असंच कळायचं, "पगार दहा तारखेच्या पुढे जातो" हेही.

त्यानंतर तिसऱ्या महिन्यात जपायचं. पहिले दोन महिने दोघीही जपून वागतात. तिसऱ्यात ओळख वाढते आणि कामं सरकायला लागतात. "मावशी, बाळ झोपलंय तर जरा भाजी निवडता का", मग "दोन भांडी घासता का", मग पाहुणे आले तर पोळ्या. कुणीच वाईट नसतं यात. पण बाळ उठलेलं असतं आणि बाई ओट्याशी. काम कुठलं आणि कुठलं नाही हे पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेलं असलं तर तिसऱ्या महिन्यात आम्हाला बोलता यायचं. बाळाचे कपडे, बाळाचं खाणं, बाळाच्या बाटल्या, बाळाची खोली. तिथे रेघ. जास्तीचं हवं असेल तर जास्तीचे पैसे, आणि तेही बाळ जागं असताना नाही.

आणि हो, आम्ही गिऱ्हाईकही नाकारायचो. वर्षात चार बायका बदललेल्या घराला पाचवी द्यायची नाही, आधी जाऊन बोलायचं. मालकीणबाईंना ते जड जायचं, पैसे समोर दिसत असायचे. पण अशा एका घरातून परत आलेली बाई बाकीच्या दहा जणींना सांगते आणि त्या दहा जणी दुसऱ्या ब्युरोकडे जातात. चांगल्या बायका टिकवायच्या असतील तर वाईट घरं सोडावी लागतात, हे सोडून दुसरी कुठली युक्ती मला माहीत नाही.

गिरगावचा_म्हातारा
वाचतो आहे. नालासोपाऱ्याच्या मुलीला आशीर्वाद.

रिमझिम
सगळ्यांचे खूप आभार. काल-आज या प्रश्नांसकट पुन्हा फोन केले. "बाईकडून किती घेता?" विचारल्यावर एकीने फोनच ठेवला. एकाने "तो आमचा अंतर्गत मामला आहे" म्हणून सांगितलं. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मात्र मला उलट विचारायला सुरुवात केली : स्टेशनपासून किती चालायचं, टॉयलेट कुठलं, घरी दुपारी कोण असतं, आधी कुणी बाई होती का आणि ती का गेली. मला क्षणभर रागच आला, मग नालासोपारा_स्लोची पोस्ट आठवली आणि मुकाट्याने उत्तरं दिली. फी जास्त आहे, दोन हप्त्यांत. भांडुपच्या एक बाई शनिवारी चाचणीला येणार आहेत. मी रजा संपायच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्याबरोबर घरी राहीन असं ठरवलंय.

एकच शंका उरली. त्या चिपळूणच्या आहेत, गणपतीत आठ दिवस गावी जाणार हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय. ब्युरो बदली देतो म्हणाला. पण पोरगा तेव्हा आठ-नऊ महिन्यांचा असेल, नवीन माणसाला बघून किंचाळायचं वय. काय करू?

डॉ_वरणभात
हो, त्याच वयात अनोळखी माणसाची भीती सुरू होते. स्वाभाविक आहे, काळजीचं काही नाही. पण पहिल्याच दिवशी नवीन बाईकडे सोपवून ऑफिसला जाऊ नका.

कुंदकळी
आधीच सांगितलंय म्हणजे बाई सरळ आहेत. बदली बाईला गणपतीच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवस यायला सांगा, तुमच्या बाई घरात असतानाच. दोघी एकत्र बाळाला भरवतील, आंघोळ घालतील. पोरगा आपल्या माणसाच्या जवळ असताना नवीन माणूस पटकन ओळखीचा करतो, आणि तुमच्या बाई त्या दुसरीला तुमच्यापेक्षा चांगलं शिकवतील. त्या दोन दिवसांचे पैसे ब्युरो वेगळे मागेल, द्या. आणि चिपळूणच्या बाईंना गावाला जायच्या आधी पगार हातात द्या, परत आल्यावर नाही. तिकिटं बुकिंग उघडेल त्याच दिवशी काढायला सांगा, कोकण रेल्वेचं गणपतीचं बुकिंग काही मिनिटांत संपतं. तुम्ही स्वतः काढून दिलीत तर उत्तम.

फणसपोळी
तिकिटाला लॉगिन करताना दोन मोबाइल घेऊन बसा. मी व्यनि (खासगी निरोप) केला आहे, आमच्या ग्रुपवर तारखा टाकल्यात.